त्रुटीसाहेबांचे घोडे

ठोकळ्यांचा घोडा बनवताना सगळ्यात अवघड काय असतं, तर मान. हे वाक्य त्रुटीसाहेबांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की दूधवाला हल्ली पिशवी दाराशी ठेवून, बेल वाजवून, जिन्यावरून पळत सुटायचा. मान सरळ ठेवली तर घोड्याचं गाढव होतं. पुढे काढली तर उंट होतो. दोन्हींच्या मधोमध ठेवायला जावं, तर ती तिथे राहतच नाही. आपण चहा प्यायला उठलो की टपकन गळते आणि सोफ्याखाली जाते. आणि सोफ्याखाली वाकून हात घालणं हे त्रुटीसाहेबांच्या वयात, आणि खरं सांगायचं तर पोटाच्या त्या घेरात, काही सोपं काम नव्हतं.

त्रुटीसाहेब हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. साहेब महापालिकेच्या यंत्रसुरक्षा विभागात निरीक्षक होते. शहरातली प्रत्येक लिफ्ट, प्रत्येक सरकता जिना, करमणुकीच्या मैदानावरचा प्रत्येक पाळणा आधी त्यांच्या नजरेखालून जायचा आणि मग, नशिबात असलं तर, चालू व्हायचा. त्यांचा प्रत्येक अहवाल 'पुढील त्रुटी आढळून आल्या' या शब्दांनी सुरू होई. पहिल्या खेपेला त्यांनी कधी कुणाला पास केलं नाही. एका इस्पितळाची लिफ्ट त्यांनी आतल्या पंख्याचा आवाज संशयास्पद येतो म्हणून अडवून धरली होती, आणि त्याच इस्पितळात साडूंचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वतः धापा टाकत पार वरच्या मजल्यापर्यंत पायऱ्या चढून गेले होते. साडूंपेक्षा त्यांचीच नाडी आधी बघावी लागली. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. घरी आल्या आल्या साहेबांनी ते उलटं करून बघितलं, मागचा टांगायचा आकडा भरवशाचा नाही असं जाहीर केलं आणि माळ्यावर टाकून दिलं. समोरच्या फ्लॅटमधले बँकेचे कॅशियर अभिनंदन करायला म्हणून आले होते आणि चहासाठी रेंगाळले होते. त्यांच्यादेखत साहेबांची बायको अगदी शांतपणे म्हणाली, "आयुष्यभर दिसेल ते बंद पाडलंत. आता घरीच आहात, तर एखादी गोष्ट चालू करून दाखवा. एकच. फार नाही मागत मी."

कॅशियर चहात बघून हसले. बायकोचं बोलणं साहेबांनी एक वेळ गिळलं असतं, एवढ्या वर्षांत ती सवय झालेली होती. पण तिऱ्हाइताने आपल्या घरात बसून, आपल्याच बशीतून चहा पीत हसावं, हे काही त्यांच्या पचनी पडलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की चालू करून दाखवीन आणि असं चालू करीन की शहर बघायला येईल.

काय चालू करायचं, यावर फार विचार करावा लागला नाही. बागेत पूर्वी एक घोड्यांचं चक्र होतं. वरखाली होणारे लाकडी घोडे, डोक्यावर रंगीत छत, मधोमध आरसे. नोकरीला लागल्यावर साहेबांनी सगळ्यात आधी बंद पाडलं ते हेच. मधल्या खांबाला केसाएवढी चीर होती. ती होती, यात वादच नाही; आज कुणी विचारलं तर साहेब ते पुन्हा बंद पाडतील आणि वर झोपही चांगली लागेल त्यांना. पण शहराने ते कधी मनातून काढलं नाही. केस पांढरे झालेली माणसं रस्त्यात त्यांच्याकडे बोट दाखवून नातवंडांना सांगत, तो बघ, घोडे बंद करणारा. बायकोचं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी तिला नवऱ्याबद्दल पुरवलेली पहिली माहिती हीच होती, आणि तरीही तिने लग्न केलं, ही गोष्ट ती त्यांना अधूनमधून ऐकवत असे.

तेव्हा तेच चक्र. खरं नव्हे, ठोकळ्यांचं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरी गेली, तिच्या लहानपणीच्या प्लास्टिकच्या जोडठोकळ्यांची पेटी माळ्यावर होतीच. साहेबांनी ती खाली काढली. बायकोने ती उघडली, आतल्या पालीची लेंडी बघितली आणि सगळे ठोकळे साबणाच्या पाण्यात बुडवले. मग ते गच्चीवर चादरीवर वाळत घातले. कावळ्यांनी त्यातले लाल तेवढे उचलून नेले. छत लाल करायचं ठरलं होतं, ते मग हिरवं-पिवळं झालं. मुलीला फोन करून साहेबांनी विचारलं, की लाल ठोकळे आणखी कुठे मिळतील. ती म्हणाली, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना? आईला द्या फोन."

उरलेले ठोकळे रंगाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे लावायला डबे हवे होते, आणि डबे असतात स्वयंपाकघरात. साखर पातेल्यात गेली, चहाची पूड कागदाच्या पुडीत गेली, मीठ कुठे गेलं ते पुढे बरेच दिवस कळलं नाही. बायकोने एकदा फोडणीत मोहरी म्हणून काळे बारीक ठोकळे टाकले. ते तडतडले नाहीत, वितळले. त्या वासाने शिकवणीच्या बाई खालून वर आल्या.

या शिकवणीच्या बाई खालच्या मजल्यावर मुलांना पदार्थविज्ञान शिकवायच्या. त्यामुळे जगातल्या प्रत्येक पदार्थाविषयी आपल्याला बोलायचा हक्क आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी ओढणीने नाक धरून चक्राकडे बघितलं. तोवर मधला दांडा उभा राहिला होता, त्याला दातेरी चाकं बसली होती आणि खालच्या बैठकीत बटणासकट एक छोटी मोटारही लागली होती. पण घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच. मोटार लावली की छत फिरे आणि घोडे जागच्या जागी उभे राहत. छताचा सांधा बदलला, की घोडे फिरत आणि छत उभं राही. दोन्ही फिरायला लागले ते उलटसुलट दिशांना. साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. बाई म्हणाल्या, हे सगळं घर्षणाचं आहे. कॅशियर तेवढ्यात आलेच होते, कारण या घरातून कसलाही आवाज आला की ते चहाचा कप घेऊनच निघत. ते म्हणाले, घर्षण आहे तर तेल घाला. उंटावरून शेळ्या हाकायला दोघंही तयारीचे, आणि शेळी एकटी साहेबांची.

तेल घातलं. चक्र झकास फिरलं. इतकं झकास, की तेल सांध्यासांध्यांतून झिरपलं, ठोकळ्यांनी एकमेकांची संगत सोडली आणि सगळं प्रकरण दिवाणखान्याच्या चार कोपऱ्यांत विखुरलं. कॅशियर म्हणाले, "मी थोडंच म्हणालो होतो. तुम्ही जरा जास्तच घातलंत." साहेबांनी नोकरीत असताना कंत्राटदारांच्या तोंडून हेच वाक्य शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि ते बोलणाऱ्याला दाराबाहेर काढलं होतं. शेजाऱ्याला तसं काढता येत नाही. तो समोरच राहतो.

पुन्हा धुणं, पुन्हा गच्ची, पुन्हा कावळे. पण माणूस इरेला पेटला की त्याला कावळे काय आणि शेजारी काय. दुसऱ्या खेपेला छत आणि घोडे एकाच दिशेने फिरले, घोडे खरोखर वरखाली झाले आणि साहेब आनंदाने स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन नुसते उभे राहिले. बायकोने हात पुसत बाहेर येऊन बघितलं. चक्र फिरत होतं, पण डोलत होतं. दारुड्यासारखं एका बाजूला झुकायचं, सावरायचं, परत झुकायचं. ती म्हणाली, "फिरतंय खरं. पण कुणाच्या अंगावर पडणार नाही ना?" तिने सहज विचारलं होतं. साहेबांच्या मात्र ते जिव्हारी लागलं, कारण हा प्रश्न विचारायचा अधिकार आजवर फक्त त्यांचा होता.

शिकवणीच्या बाईंचं म्हणणं पडलं, बूड जड करा. हा सल्ला मात्र खरोखरच शहाणपणाचा होता, आणि पुढचा अनर्थ त्यातूनच झाला. वेड्याच्या सल्ल्याने माणूस सावध तरी राहतो. साहेबांनी खालच्या बैठकीभोवती दुसरी बैठक बांधली, मधल्या पोकळीत उरलेले सगळे ठोकळे ठासून भरले. आणि ठोकळे नुसते एकमेकांत अडकून बसतात, या गोष्टीवर त्यांचा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. निव्वळ अडकण्यावर विसंबलेला सांधा म्हणजे सांधाच नव्हे, असं त्यांनी कितीतरी अहवालांत लिहिलेलं होतं. म्हणून त्यांनी ते सगळं बूड चपला चिकटवायच्या डिंकाने पक्कं करून टाकलं. नंतर त्यावर हातोडी मारली असती तरी काही निघालं नसतं.

मग आली वजनाची चाचणी. खेळणं असलं म्हणून काय झालं? कुठलंही फिरतं यंत्र दीडपट वजन घालून चालवून बघितल्याशिवाय चालू करायचं नाही, हे साहेब झोपेतही बोलले असते. आता प्लास्टिकच्या घोड्यावर बसणार कोण, आणि त्याचं दीडपट म्हणजे किती, याचा हिशेब काही लागेना. शेवटी त्यांनी प्रत्येक घोड्यावर अंगाच्या साबणाची एकेक वडी दोऱ्याने बांधली. कॅशियर साक्षीदार म्हणून कप घेऊन हजर होते. साहेबांनी भिंतीवरचं बटण दाबलं. चक्राने वेग घेतला, घोडे बाहेरच्या बाजूला कलले, आणि एका घोड्याने साबणासकट दावं तोडलं. वडी थेट कॅशियरच्या कपात पडली. चहा कॅशियरच्या शर्टावर. घोडा खिडकीतून खाली, शिकवणीच्या बाईंच्या वर्गात, नेमका गतीचे नियम चाललेले असताना. बाईंनी तो वर आणून दिला तेव्हा त्याला मान नव्हती.

कॅशियरनी त्यानंतर बरेच दिवस कप आणला नाही, रिकाम्या हाताने येऊ लागले. येणं काही सोडलं नाही.

अखेर चक्र सुधारलं. घोड्यांना नवे दांडे बसले, माना टिकल्या, डोलणं थांबलं. साहेब भिंतीवरचं बटण दाबत, बघत, बटण बंद करत, परत दाबत. बायको बाजारातून आली की तिच्या हातातली पिशवी घ्यायच्या आधी तिला चक्र दाखवत. ती म्हणायची, छान आहे, पण घरात चालू करणं वेगळं आणि चारचौघांत वेगळं. हे तिने का म्हणावं? पण म्हणाली, आणि साहेबांनी लगेच सार्वजनिक वाचनालय गाठलं.

वाचनालयात 'आपलं जुनं शहर' असं प्रदर्शन भरणार होतं. ग्रंथपाल बाईंना चक्राची कल्पना इतकी आवडली, की त्यांनी मधलं टेबलच त्याला देऊन टाकलं. फक्त एक अडचण होती. चक्र फिरणार असेल तर महापालिकेच्या यंत्रसुरक्षा विभागाची परवानगी लागेल, तसा नियम आहे. साहेब हसले. म्हणाले, तो नियम खऱ्या पाळण्यांना आहे, खेळण्यांना नाही. ग्रंथपाल बाईंनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढून वाचून दाखवलं: 'कायम अथवा तात्पुरते, लहान अथवा मोठे, कोणत्याही आकाराचे फिरते करमणूक यंत्र.'

साहेबांचं हसू मावळलं. ते शब्द त्यांचेच होते. एका पाळणेवाल्याने माझा पाळणा अगदीच लहान आहे हो, म्हणून पळवाट काढायचा प्रयत्न केला होता, तेव्हा साहेबांनी भांडून भांडून 'कोणत्याही आकाराचे' हे दोन शब्द नियमात घालून घेतले होते. त्या दिवशी त्यांनी कचेरीत सगळ्यांना चहा पाजला होता.

त्यांच्या खुर्चीवर आता त्यांचाच मदतनीस बसत होता. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ते खोटं नाही. अर्ज गेला, तसा परत आला. चक्राभोवती कुंपणाची उंची किती, हे लिहिलेलं नाही. साहेबांनी लिहिलं, चक्र टेबलावर आहे. अर्ज परत आला: टेबलाच्या मजबुतीचा दाखला जोडावा. दाखला जोडला. मग बसणाऱ्यांची वयोमर्यादा विचारली. साहेबांनी लिहिलं, बसणारं कुणी नाही. उत्तर आलं, 'बसणारे कुणी नसल्यास सदर यंत्र करमणुकीचे कसे, याचा खुलासा करावा.' साहेब रागाने लालबुंद झाले आणि त्याच वेळी त्यांना आपल्या शिष्याचं कौतुकही वाटलं, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे त्यांना ठसका लागला. बायको पाणी घेऊन आली आणि कागद वाचून म्हणाली, "अक्षर त्याचं आहे. बाकी सगळं तुमचं."

शेवटी ठरलं, की प्रदर्शनाच्या दिवशीच अधिकारी प्रत्यक्ष येऊन तपासणी करतील.

त्या दिवशी वाचनालयाच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. घोडे बंद पाडणाऱ्याने घोडे केलेत, ही बातमी सगळीकडे गेली होती. बायकोच्या मैत्रिणी आल्या होत्या, कॅशियर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. चक्राची वायर पुस्तकांनी गच्च भरलेल्या कपाटामागून नेली होती, आणि त्या दालनात दिवे, पंखे, सगळं एकाच बटणावर होतं. ग्रंथपाल बाईंनी ते दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले आणि चक्रही फिरलं. घोडे खाली गेले, वर आले. म्हातारी माणसं पुढे सरकली. कुणीतरी म्हणालं, अगदी तस्संच हो.

मदतनीस, म्हणजे आताचे अधिकारी, गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी साहेबांना वाकून नमस्कार केला, चक्राकडे ओझरतं बघितलं आणि खिशातून पेन काढलं. "सही करून टाकतो साहेब," ते म्हणाले. "तुम्ही केलंय म्हटल्यावर मी काय बघायचं?"

कुणीही दुसरा माणूस असता तर त्याने तोंड बंद ठेवलं असतं. सही पदरात पाडून घेतली असती, बायकोकडे ताठ मानेने बघितलं असतं आणि कॅशियरकडे त्याहून ताठ. पण त्रुटीसाहेबांचा चेहरा उतरला. न बघता सही? आपण अख्खं आयुष्य ज्या एका गोष्टीसाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ती हा पोरगा आपल्याच डोळ्यांसमोर, आणि तीही आपल्या आदरापोटी, मोडीत काढणार? त्यांनी मदतनिसाचं पेन धरलेलं मनगट पकडलं.

"बघ," ते म्हणाले. "नीट बघ. आधी बघ, मग सही."

"अहो, देतोय तर घ्या ना," मागून बायको हळूच म्हणाली.

पण मदतनिसाच्या अंगात आता गुरू शिरला होता. त्याने पेन खिशात टाकलं, चष्मा लावला आणि चक्राभोवती फिरायला सुरुवात केली. मधला दांडा बघितला. घोड्यांचे सांधे बघितले. छताला बोटाने टिचकी मारली. टेबल हलवून बघितलं. प्रत्येक गोष्टीला त्याने मान डोलावली, आणि प्रत्येक डोलावण्यासरशी साहेबांची छाती थोडी फुगली. मग तो सरळ उभा राहिला.

"सगळं ठीक आहे साहेब. आता थांबवून दाखवा."

साहेबांनी बैठकीकडे हात नेला. हात तिथे चाचपडत राहिला. मोटारीचं बटण होतं कुठे? ते आतल्या बैठकीला होतं. आतल्या बैठकीभोवती बाहेरची बैठक होती, मधे ठासून भरलेले ठोकळे होते आणि त्या सगळ्यावर चपलांचा डिंक होता. बटण आत कुठेतरी चालू स्थितीत कायमचं गाडलं गेलं होतं. घरी ते भिंतीवरच्या बटणाने बंद होत असे, म्हणून ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात यंत्र थांबवण्यापलीकडे काही केलं नाही, त्याने हाताने एक यंत्र बनवलं, आणि ते थांबवायची सोय करायला विसरला.

"भिंतीवरून बंद होतं," साहेब पुटपुटले.

"भिंतीवरचं चालत नाही साहेब. थांबवायची सोय यंत्रावरच हवी. तुम्हीच शिकवलंत."

हे शंभर टक्के बरोबर होतं. साहेबांना वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. पण मग ते ताठ उभे राहिले आणि ग्रंथपाल बाईंकडे वळून म्हणाले, हे यंत्र सदोष आहे, ताबडतोब बंद करा. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, बटण बंद केलं तर सगळं दालन अंधारात जाईल, इतकी वयस्कर माणसं आहेत, कुणी पडलं तर? वायर उपटायची तर आधी कपाट रिकामं करावं लागेल आणि कपाटापर्यंत जायचं तर माणसं हलवावी लागतील. साहेबांनी माणसांना बाजूला व्हायला सांगितलं. एकही माणूस हलला नाही. एका आजोबांनी तर, मागे एकदा ऐकलं तुमचं, आता नाही ऐकणार, असं तोंडावर सांगितलं. चक्र फिरत होतं. साहेब त्याच्याशेजारी घाम पुसत उभे होते, आणि ते बंद पाडणं त्यांच्या हातात उरलं नव्हतं.

बायकोने कुणाची तरी खुर्ची ओढून घेतली होती आणि ती टेबलाला खेटून बसली होती. हनुवटी हातावर ठेवून ती घोडे बघत होती. इतक्या वर्षांत साहेबांनी तिला नुसतं बसलेलं फारसं बघितलंच नव्हतं. त्यांना शरम वाटत होती, स्वतःचा भयंकर राग येत होता, आणि आनंदही होत होता. तो त्यांना लपवता येईना.

मदतनीस अवघडून जवळ आला. "अहवालात काय लिहू साहेब?"

"आढळलं तेच लिही. थांबवण्याची सोय नाही. सबब परवानगी नाकारण्यात यावी."

त्याने लिहिलं. "आणि शेवटचा रकाना? यंत्राची सद्यस्थिती?"

आजवर हजारो अहवालांत त्या रकान्यात साहेबांनी एकच शब्द लिहिला होता. त्यांनी घसा खाकरला. परत खाकरला.

"चालू," ते म्हणाले.

बायकोने घोड्यांवरची नजर न काढता विचारलं, "काय म्हणालात?"

"चालू आहे म्हणालो."

"जरा मोठ्याने सांगा. कॅशियर मागे उभे आहेत, त्यांना ऐकू गेलं नसेल."

त्रुटीसाहेबांनी मोठ्याने सांगितलं.